धरणकाठचा तंबू-मुक्काम : अनुभव, धोके आणि जागेचे नियोजन
(भंडारदरा व पवना परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी भाषेत कापडी निवाऱ्याला अनेक नावे आहेत. सरदाराचा डेरा, सैनिकांची राहुटी, समारंभाचा शामियाना आणि पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्यांचे पाल, ही त्यांपैकी काही होत. आषाढी वारीतील दिंड्या आजही वाटेवरील मुक्कामी राहुट्या उभारून रात्र काढतात. या सर्व निवाऱ्यांमागे काही ना काही प्रयोजन होते. केवळ आनंदासाठी घर सोडून तंबूत राहणे ही त्यामानाने अलीकडची कल्पना आहे. इंग्लंडमध्ये थॉमस हायरम होल्डिंग यांनी १९०८ साली तंबू-निवासाविषयीचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९०७ मध्ये, बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर भरविले होते. महाराष्ट्रात स्काउट, राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना आणि गिर्यारोहण संस्था यांच्यामार्फत शिबिरजीवनाची ओळख झाली. गेल्या काही वर्षांत मात्र तंबू-मुक्काम हा शनिवार-रविवारचा व्यवसाय झाला असून सह्याद्रीतील धरणांचे काठ ही त्याची प्रमुख स्थळे बनली आहेत.

शहरातून येणारा पर्यटक या स्थळांकडून मुख्यतः तीन गोष्टींची अपेक्षा करतो : अंधार, शांतता आणि पाण्याचे सान्निध्य. या तिन्ही गोष्टी विकत घेता येत नाहीत. त्या केवळ राखता येतात. मुक्कामस्थळाची आखणी व नियमन नीट नसेल तर ज्यासाठी माणसे येतात तेच त्यांच्या येण्याने नष्ट होते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने धरणकाठच्या तंबू-मुक्कामाचे विवेचन करण्यात आले आहे.

स्थळपरिचय

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले. ते विल्सन धरण या नावाने आणि त्याचा जलाशय आर्थर सरोवर या नावाने ओळखला जातो. जलाशयाच्या वरच्या टोकाशी रतनवाडी हे गाव असून तेथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. जवळच रतनगड आणि १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे. या परिसराचा मोठा भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील पवना जलाशयाभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले आहेत. त्यांपैकी लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मराठा लष्करी भूदृश्यांमध्ये, झाला. पुणे-मुंबई मार्गापासून जवळ असल्याने पवनाकाठी तंबूंची दाटी भंडारदऱ्यापेक्षा अधिक आढळते. पिंपरी-चिंचवड शहराला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

रात्रीचा अनुभव : थंडी, दव आणि शेकोटी

तंबूत प्रथमच राहणाऱ्यास सकाळी दोन गोष्टींचे आश्चर्य वाटते. पाऊस पडलेला नसतानाही तंबू आतून ओला झालेला असतो आणि अंगावर पांघरूण असूनही पाठ गार पडलेली असते. दोहोंची कारणे सोपी आहेत. निरभ्र रात्री जमीन व तंबूचे कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडून झपाट्याने थंड होतात. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातून बाष्प सतत बाहेर पडत असते. ते थंड कापडाला लागताच त्याचे पाणी होते. वायुवीजनाची खिडकी थंडीच्या भीतीने बंद केल्यास हे पाणी वाढते. यासाठीच चांगल्या तंबूला आतील जाळीदार कापड आणि त्यापासून सुटे राहणारे बाहेरचे आच्छादन असे दोन थर असतात. बाहेरच्या आच्छादनाचे तणावे नीट ताणले नाहीत तर दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि ही योजना निरुपयोगी ठरते.

पाठीच्या गारव्याचे कारण जमीन हे आहे. शरीराच्या भाराने अंथरुणातील हवा दाबली जाते व उष्णता थेट जमिनीत जाते. म्हणून अंगावर आणखी एक चादर घेण्यापेक्षा अंगाखाली जाड चटई वा फोमचा थर घालणे अधिक उपयोगी पडते. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात रात्री थंड व जड हवा उतारावरून खाली येऊन साचते. त्यामुळे अगदी काठावरील तंबूपेक्षा थोड्या उंचावरील तंबू पुष्कळदा उबदार राहतो.

थंडीवरील सर्वांत घातक उपाय म्हणजे कोळशाची शेगडी तंबूत नेणे. निखाऱ्यांपासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी सहज जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे थकवा समजून दुर्लक्षिली जातात आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. ज्वाला विझली म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. धुमसणारे निखारे अधिक धोक्याचे असतात. शेकोटी किंवा शेगडी तंबूच्या बाहेरच असावी, हा नियम अपवादाविना पाळला जाणे आवश्यक आहे.

अंधार आणि काजवे

भंडारदरा परिसर मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते मोठ्या संख्येने लुकलुकताना दिसतात. हा प्रकाश ल्युसिफेरिन या द्रव्याची ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन निर्माण होतो. पाहणाऱ्यास तो शोभेचा वाटला तरी काजव्यांच्या दृष्टीने ती मीलनाची भाषा आहे. नर ठरावीक लयीत प्रकाशाचे संकेत देतो आणि गवतात किंवा झुडपावर बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे असते. त्याआधीचा दीर्घ काळ अळी जमिनीत व पालापाचोळ्यात राहून गोगलगायींसारख्या जीवांवर जगते.

वाहनांचे दिवे, विजेऱ्या आणि छायाचित्रणाचे झोत यांमुळे संकेत व उत्तर यांतील हा दुवा तुटतो. झाडाखालील गवत तुडविले गेल्यास माद्या व अंडी चिरडली जातात. नुकसान त्या रात्री दिसत नाही. ते पुढील वर्षीच्या काजव्यांच्या संख्येत दिसते. म्हणूनच या काळात प्रेक्षकांनी रस्ता वा पाऊलवाट सोडू नये, दिवे बंद ठेवावेत आणि संख्येवर मर्यादा असावी, ही मागणी केवळ भावनिक नाही. अंधार ही जपण्याजोगी संपत्ती आहे, हे महाराष्ट्राने अन्यत्र मान्यही केले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पास देशातील पहिले कृष्णाकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

शांतता आणि ध्वनी

धरणकाठी एका छावणीत लावलेले संगीत समोरच्या काठावरही स्पष्ट ऐकू येते. पर्यटकांना याचे नवल वाटते. दिवसा जमिनीलगतची हवा गरम असल्याने ध्वनिलहरी वरच्या दिशेने वळतात. रात्री जलाशयालगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उष्ण असते. त्यामुळे लहरी पुन्हा खाली वळतात आणि संथ पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होत दूरवर पोहोचतात. म्हणजेच जलाशयाभोवतीची शांतता ही सर्व छावण्यांची सामाईक मालमत्ता आहे. एकाने ती मोडली की सर्वांचीच मोडते.

ध्वनिप्रदूषण नियमावली, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ मानला जातो आणि निवासी क्षेत्रात त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम शहराप्रमाणेच खेड्यालाही लागू आहे. तंबू सोमवारी उठतात, परंतु काठावरची गावे तेथेच असतात. पहाटे भातखाचरात किंवा गुरांमागे जाणाऱ्या कुटुंबाची झोप हीदेखील पर्यटनाच्या हिशेबात धरली गेली पाहिजे.

पाण्याचे सान्निध्य : आकर्षण आणि धोका

धरणांच्या जलाशयांत पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पोहता येत असूनही माणसे का बुडतात, याचे उत्तर जलाशयाच्या घडणीत आहे. जलाशय हा तलाव नसून बुडालेली दरी असतो. काठापासून काही पावलांवर जुनी ताल, ओढ्याचे पात्र, विहीर किंवा खडकाचा कडा असू शकतो आणि तेथे खोली एकदम वाढते. पाणी ओसरलेल्या भागातील गाळ वरून सुकलेला दिसला तरी आतून मऊ असतो व पाय धरून ठेवतो. पृष्ठभागाचे पाणी कोमट असले तरी खालचा थर थंड असल्याने स्नायूंना पेटके येतात. मद्यपान केलेल्या व्यक्तीस या सर्वांचा अंदाज येत नाही. एक बुडू लागला की त्याला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि दोघेही प्राणास मुकतात. दोर, हवेने भरलेली ट्यूब किंवा रिकामा कॅन काठावर हाताशी असणे हा अत्यल्प खर्चाचा, परंतु जीव वाचविणारा उपाय आहे.

जलाशयाचा काठ स्थिर नसतो, हीदेखील लक्षात घेण्याची गोष्ट आहे. पावसाळ्याअखेर भरलेला काठ उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ आत सरकतो. पाण्यालगत राहण्याच्या मोहाने तंबूही त्यामागे धरणाच्या पात्रात उतरतात. तेथील कचरा व सांडपाणी पुढच्या पावसाळ्यात थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते. शौचालय व शोषखड्डा पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असावा, असा संकेत निसर्ग-भ्रमंतीत सर्वत्र मानला जातो. स्वच्छ व उजेडाच्या शौचालयाचा अभाव ही महिला पर्यटकांची मोठी अडचण आहे. त्या पाणी पिणे टाळतात, रात्री एकटे बाहेर पडणे टाळतात आणि मुक्कामाचा आनंद त्यांच्यापुरता अर्धाच राहतो.

जागेची आखणी : एक जुना धडा

या समस्या नव्या नाहीत. मोटारीतून फिरणारे पर्यटक वाढल्यावर १९२०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या रेडवुड वनांत हेच घडले होते. वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी तेथील वृक्षांचा अभ्यास केला. माणसांच्या व मोटारींच्या वर्दळीने माती दाबली जाते, तिच्यातील हवा व पाणी कमी होते आणि वरून निरोगी दिसणारे वृक्ष मुळांपासून दुर्बल होतात, असे त्यांनी दाखविले. १९३२ मध्ये त्यांनी मुक्कामस्थळांविषयीचे धोरण मांडले. एकेरी वळणाचा रस्ता, प्रत्येक मुक्कामासाठी निश्चित वाहनतळ, तंबूची ठरलेली जागा, ठरलेली चूल आणि मध्ये राखलेली झाडी, असे त्याचे स्वरूप होते. पर्यटकास बंदी न करता त्याचा वावर ठरावीक जागी मर्यादित करावयाचा, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे अमेरिकेतील असंख्य सार्वजनिक मुक्कामस्थळे याच पद्धतीने उभारली गेली.

हे तत्त्व सह्याद्रीस अधिकच लागू पडते. येथे खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि पावसाचा मारा तीव्र असतो. दाबलेल्या, गवत हरवलेल्या उतारावरील माती पहिल्याच पावसात जलाशयात जाते. ठरावीक चौथरे, सामाईक शेकोटीची जागा, काठापासून निश्चित अंतर आणि एका स्थळी तंबूंची कमाल संख्या या चार बाबी ठरविल्यास बहुतेक हानी टळू शकते.

स्थानिकांचा सहभाग

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर केले. त्यामुळे नोंदणी व सुरक्षिततेची चौकट उपलब्ध झाली आहे. तिचा लाभ कोणास मिळतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. धरणकाठच्या गावांनी पाण्यासाठी जमिनी दिल्या आणि पवना प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. त्याच काठावर स्थानिक माणूस केवळ तंबू ठोकणारा व भांडी घासणारा मजूर म्हणून उरला, तर तो दुहेरी अन्याय ठरेल. याउलट जेथे स्थानिक कुटुंब स्वतः मुक्काम चालविते, तेथे पर्यटकास पिठले-भाकरीबरोबरच पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि कोणत्या ओढ्यापासून दूर राहावे याचे ज्ञानही मिळते. हे ज्ञान हेच सर्वांत विश्वसनीय सुरक्षासाधन आहे.

निष्कर्ष

तंबूतील रात्रीचा अनुभव निसर्ग देतो, परंतु तो टिकविण्याचे काम नियोजनाचे असते. अंधार, शांतता आणि पाणी या तिन्ही गोष्टी सामाईक आहेत. एका छावणीचा दिवा, ध्वनिवर्धक किंवा सांडपाणी सर्वांचेच नुकसान करते. त्यामुळे केवळ वैयक्तिक शिस्तीवर विसंबून चालणार नाही. ग्रामपंचायत, वनविभाग, जलसंपदा विभाग आणि स्थानिक तंबूचालक यांनी एकत्र बसून प्रत्येक जलाशयासाठी तंबूंची संख्या, जागा व वेळ यांचे नियम ठरविणे आवश्यक आहे. त्याचबरोबर तंबूत निखारे न नेणे, अनोळखी पाण्यात न उतरणे, रात्री १० नंतर ध्वनिवर्धक न लावणे आणि काजव्यांवर प्रकाश न टाकणे, हे चार नियम प्रत्येक मुक्कामस्थळी मराठीत ठळकपणे लावले जावेत. दिंडी पुढील मुक्कामाला निघताना राहुटीच्या मेखा उपटून घेते. त्या खुणांशिवाय मागे दुसरे काहीही उरू नये, हीच चांगल्या तंबू-मुक्कामाची कसोटी मानता येईल.