जुनें यंत्र आणि नवी प्रणाली

ज्या मेजावर आमच्या सासूबाईंचें शिवणयंत्र असे, त्याच मेजावर आतां घरचा संगणक आहे. शिवणयंत्राचें एक बरें होतें. तें विकणाऱ्यानें दहा वर्षांनीं पत्र पाठवून ‘आतां यावर शिवणें धोक्याचें आहे’ असें कधीं कळविलें नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र असें पत्र येतें, आणि तें लक्षावधि घरीं एकाच वेळीं येतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीची देखभाल थांबविली. २९ जुलै २०१५ रोजीं ही प्रणाली बाजारांत आली होती. म्हणजे तिला दहा वर्षें व अडीच महिने आयुष्य लाभलें.

त्या दिवशीं आमचा संगणक बंद पडला नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं मामंजींनीं तो नित्याप्रमाणें चालू केला, आणि तोहि मुकाट्यानें सुरू झाला. महिनाभर आम्ही केलेल्या आरडाओरडीबद्दल त्यांना काय वाटलें तें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं. पण त्यांच्या मुद्रेवर तें वाचतां येत होतें.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. देखभाल थांबली म्हणजे यंत्र थांबलें असें नव्हे. ही प्रणाली म्हणजे कोट्यवधि आज्ञांचें एक प्रचंड गुंतवळ आहे. त्यांत चुका राहून गेलेल्या असतात व त्या वर्षानुवर्षें सांपडत राहतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं कंपनी त्यांची दुरुस्ती धाडते. आतां गंमत अशी कीं, नव्या ‘विंडोज ११’ मधील पुष्कळसा भाग जुन्या प्रणालींतूनच आलेला आहे. नवीमध्यें कोणतें छिद्र बुजविलें हें पाहून चोरास जुनीमध्यें तेंच छिद्र कोठें असेल याचा अंदाज बांधतां येतो. आणि तेथें तें बुजविणारा आतां कोणी नसतो. म्हणून धोका पहिल्या दिवशीं थोडा असतो व महिन्यागणिक वाढत जातो.

हा बागुलबुवा नव्हे. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव जगभर पसरला. त्यानें संगणकांतील कागदपत्रें कुलुपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यांत, २७ जून रोजीं, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा उपद्रव आला, आणि आमच्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें कामकाज त्यामुळें विस्कळित झालें. दोन्ही उपद्रवांनीं एकाच छिद्राचा उपयोग केला होता. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच धाडलेली होती! पहिल्या उपद्रवाला बळी पडलेल्या यंत्रांपैकीं बहुतेकांवर ‘विंडोज ७’ होती, आणि तिची देखभाल त्या वेळीं चालूच होती. मालकांनीं आलेली दुरुस्ती बसविली नव्हती, इतकेंच. तेव्हां जुनें तें सारें धोक्याचें व नवें तें सारें निर्भय, असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनीं थोडें थांबावें. नवी प्रणाली घेऊन तिच्या दुरुस्त्या ‘उद्यां पाहूं’ म्हणून टाळणाऱ्या घराला तिचा विशेष उपयोग नाहीं.

आमच्या घरीं वाद झाला तो असा. बंगळूरचे चिरंजीव दिवाळीस आले होते. त्यांचें म्हणणें, हें यंत्र मोडींत काढा. आमचा संगणक २०१२ सालचा. ‘विंडोज ११’ ला चार जीबी स्मृति व चौसष्ट जीबी साठवण पुरते. तेवढें आमच्यापाशीं आहे. परंतु तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा, असावा लागतो. या दोन अटींत आमचें यंत्र बसत नाहीं. आडमार्गानें ती बसवितां येते असें सांगणारे पुष्कळ भेटतात. पण अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाहीं, आणि दुरुस्त्यांसाठींच तर सारा खटाटोप!

मामंजींचें म्हणणें एका वाक्याचें होतें : “माझा कुलवृत्तांत याच्यांत आहे.”

निवृत्त झाल्यापासून मामंजी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. कोंकणांतील मूळ गांवापासून देशावर, तेथून इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेल्या शाखा, दत्तकांच्या नोंदी, आणि, त्यांनीं हट्टानें मिळविलेलीं, घरांत आलेल्या सुनांचीं माहेरचीं नांवें. हें सारें त्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत घेतलेल्या एका मराठी लेखन-कार्यक्रमावर टंकिलेलें आहे. आमच्या यंत्रावर बत्तीस बिटांची विंडोज असल्यामुळेंच तो सोळा बिटांचा जुना कार्यक्रम अजून चालतो. ‘विंडोज ११’ केवळ चौसष्ट बिटांची आहे. तिच्यावर असले सोळा बिटांचे कार्यक्रम मुळींच चालत नाहींत. म्हणजे मामंजींचा हट्ट हा हट्ट नव्हता. तें आम्हांला मागाहून कळलें.

“आजोबा, पेन ड्राइव्हवर प्रत आहे ना? मग भीति कसली?” चिरंजीवांनीं विचारलें. प्रत होती, दर चतुर्थीला निघत होती. ती चिरंजीवांच्या संगणकावर उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, कंस यांचा चिवडा पसरला. सहाशें दहा पानें तशींच. मामंजी कांहीं बोलले नाहींत. चष्मा काढून पुसला व पुन्हां लावला.

कारण समजल्यावर सोपें आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत अक्षराला स्वतःची ओळख नसे. इंग्रजी अक्षराच्या जागीं देवनागरी आकार बसविलेला असे. टंक काढून घेतला कीं मुखवटा गळून खालचें इंग्रजी अक्षर दिसूं लागतें. युनिकोड या जागतिक संकेतानें प्रत्येक देवनागरी अक्षराला १९९१ पासून स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, आणि विंडोजमध्यें त्याची सोय ‘विंडोज २०००’ पासून झाली. पण ज्यांचा हात जुन्या कळफलकावर बसला होता ते तेथेंच राहिले. अशीं घरें, अशा संस्था व अशीं लहान मुद्रणालयें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. माझी त्यांना एवढीच विनंती आहे कीं, आपली प्रत आहे हें ऐकून स्वस्थ बसूं नये. ती दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून वाचून पाहावी.

शेवटीं आम्हीं केलें तें असें. जुन्या यंत्राची इंटरनेटची जोडणी काढून टाकली. त्यावरून बँक, निवृत्तिवेतन, वीज-बिल, पत्रें, कांहींच होत नाहीं. तें आतां केवळ मामंजींचें लेखनाचें मेज आहे. बाहेरची पेन ड्राइव्ह त्यांत घालावयाची नाहीं, कारण चोर तेथूनहि येतो. पैशाच्या व्यवहारासाठीं एक साधा नवा संगणक घेतला. हा खर्च टळण्यासारखा होता काय? होता. घरगुती ग्राहकांसाठीं कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली होती. तिच्याकडे खातें उघडून आपल्या यंत्राची मांडणी तिच्या साठवणींत ठेवणाऱ्यास ती फुकट, एरवीं तीस डॉलर. पण मुदत म्हणजे निर्णय नव्हे, आणि आमच्या घरीं पुढें ढकललेल्या गोष्टींचें काय होतें हें मला ठाऊक आहे. लिनक्स ही फुकट प्रणालीहि अशा जुन्या यंत्रावर चांगली चालते व तींत मराठी उत्तम लिहितां येतें. मामंजींचा कार्यक्रम आड आला नसता तर मीं तीच निवडली असती. ज्यांचें यंत्र सातआठ वर्षांच्या आंतलें आहे त्यांनीं मात्र फार विचार करूं नये. बहुधा त्यांना ‘विंडोज ११’ फुकट मिळेल. आधीं प्रत काढावी, आपला प्रिंटर नव्या प्रणालीवर चालतो कीं नाहीं हें विचारून घ्यावें, आणि पुढें जावें. प्रिंटरचें मी मुद्दाम सांगतें. २०१६ मध्यें ‘विंडोज ७’ सोडून ‘१०’ वर आलों तेव्हां आमचा चांगला चालणारा प्रिंटर एका रात्रींत निरुपयोगी झाला, आणि त्याच्या कंपनीनें नवा घेण्याचा सल्ला दिला.

राहिला कुलवृत्तांत. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारीं साधनें मिळतात. तीं एका क्षणांत सहाशें पानें बदलतात, आणि मग महिनेच्या महिने तीं तपासावीं लागतात. जुन्या टंकांत रफार अक्षरानंतर टंकावा लागे व पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं. बदलतांना त्यांच्या जागा चुकतात. ‘धर्म’ चें ‘धमर्’ होतें, ‘कार्य’ चें ‘कायर्’ होतें, आणि ‘विष्णु’ ची वेलांटी एकटीच पुढें उभी राहते. तारखा व अंक यांची चूक डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ते मूळ प्रतीशीं एकेक ताडून पाहावे लागतात. हें काम कोणत्याहि प्रणालीला सांगण्यासारखें नाहीं. कारण कोणत्या शाखेंतील कोणते विष्णुपंत केव्हां दत्तक गेले हें आमच्या घरांत एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते सत्याऐंशीं वर्षांचे आहेत.

दुपारीं चहा झाल्यावर दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारीं चालू होतात. जुन्यावरून मामंजी मोठ्यानें वाचतात, नव्यावर मी दुरुस्त करितें. काल आम्ही एकशें त्रेचाळिसाव्या पानावर थांबलों. तेथें त्यांना स्वतःचीच एक जुनी चूक सांपडली : माझ्या आजेसासूबाईंचें माहेरचें नांव गेलीं वीस वर्षें त्या पानावर चुकीचें होतें.