बोकड कुणाचा?

नांदेड-लातूरकडच्या खेड्यात मटणाचं बोलावणं आलं की चवीआधी चौकशी होते ती बोकडाची. कुणाचा होता? घरचा, की हेड्यानं दारात आणून विकलेला? खाणाऱ्याला जनावराचा पत्ता हवा असतो. शहरात हल्ली मांसाहार आणि नैतिकता यावर बरंच बोललं जातं, तेव्हा मला कंदुरी आठवते.

कंदुरी म्हणजे पिराचा नवस. मूल झालं, दुखणं बरं झालं, बोअरला पाणी लागलं की दर्ग्यावर नाहीतर शेतात पिराच्या नावानं बोकड कापायचा आणि भावकीसकट गावाला जेवू घालायचं. नवस करणारा मुसलमानच असतो असं नाही. मराठ्यांच्या, धनगरांच्या घरीही कंदुऱ्या होतात. कंधार तालुक्यातल्या अशा एका कंदुरीला मी सकाळीच जाऊन बसलो. दुपारी पंगतीला जाणाऱ्याला फक्त रस्सा दिसतो.

बोकड काळाभोर, उस्मानाबादी. या जातीचं मूळ ठिकाण लातूर, तुळजापूर, उदगीर हा पट्टा. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादचं आता धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. पाच महिन्यांत विते, बहुतेकदा जुळी देते, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर जगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या साली दावणीची मोठी जनावरं आधी जड होतात, शेळी सगळ्यात शेवटी. घरात रोख पैसा लागला की विकायला पहिली निघते तीही शेळीच.

हा बोकड दोन दाती होता. वय दातावरून पाहतात. अंगावर मांस किती आहे ते कमरेच्या हाडावर पंजा दाबून कळतं. ज्या बाईनं त्याला करडू असल्यापासून चारलं होतं, तिनंच त्याला सोडून आणलं, दावं मुलाण्याच्या हातात दिलं आणि भाकरी थापायला चुलीकडं निघून गेली. घरातले पुरुष मंडपाच्या बांबूंकडं वळले. सुरी चालत असताना जवळ थांबले ते मुलाणी, त्याचा एक जोडीदार आणि आम्ही दोघे-तिघे बघे.

मुलाणी बलुतेदारांपैकी. गावासाठी जनावर कापणं हे त्याचं पिढीजात काम. त्यानं आधी बोकडाला पाणी पाजलं. सुरी घरूनच परजून आणली होती, कारण जनावरासमोर धार लावायची नाही आणि एकासमोर दुसरं कापायचं नाही, असा दंडक आहे. तोंड पश्चिमेला, अल्लाचं नाव, आणि एकाच ओढीत श्वासनलिका, अन्ननलिका, मानेच्या दोन्हीकडच्या मोठ्या शिरा. पाय झाडणं थांबेपर्यंत त्यानं मान सोडली नाही. पळवून दमवलेल्या, घाबरवलेल्या बोकडाचं मटण चामट लागतं, असं तो म्हणाला. पशुवैद्यकशास्त्रही तेच सांगतं. कापण्याआधी जनावर भेदरलं की स्नायूंतली साखर संपते, पुढं मांसात हवं तेवढं आम्ल तयार होत नाही. असं मांस काळपट, घट्ट राहतं आणि लवकर खराब होतं.

मग लिंबाच्या फांदीला टांगणं. मागच्या पायाला चीर देऊन फुंकर मारली की कातडं सुटायला लागतं. पुढं सुरीपेक्षा मुठीचं काम जास्त. पोट उघडताना मात्र सगळे गप्प होतात, पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू. त्यानंतरचे दोन तास कंदुरीचा खरा घाम. आतडी उलटून धुवायची, वजडी गरम पाणी आणि चुना लावून घासायची, मुंडी आणि पाय जाळावर भाजून केस खरवडायचे. रक्ती वेगळी. वास असह्य असतो. तो सोसणारे हात गावात ठरलेले असतात, आणि पंगतीत मानाच्या जागी ते क्वचितच बसतात.

‘जनावराचा कणही वाया घालवू नये’ हे तत्त्व अलीकडं परदेशातल्या महागड्या हॉटेलांतून मिरवतं. मराठवाड्यात ते काही जातींच्या पदरात सक्तीनं पडलं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात महार-मांगांच्या चुलीवरचे हे सगळे पदार्थ नोंदलेले आहेत, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांसकट. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते याच सक्तीविरुद्ध. त्यामुळं काटकसरीच्या या स्वयंपाकाचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते.

ब्रॉयलरच्या बाबतीत पत्ताच नसतो. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचं शेड आणि कष्ट. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. चाळीसेक दिवसांनी गाडी येते आणि पक्षी घेऊन जाते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला आणि अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा कुठं लोक चिकनच्या दुकानात ‘माल कुठला?’ असं विचारायला लागले. महिनाभरात पुन्हा विसरले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेव्हाही तेच.

कंदुरीत दुपारी आधी मलिद्यावर फातेहा झाला, मग पंगती. लहान पोरांना आळणी, बाकीच्यांना येसर घातलेली सागुती, वर लालभडक तरी. मांडवाच्या एका टोकाला माळकऱ्यांची पंगत, तिथं वरण-भात आणि शिरा. त्यांना कुणी आग्रह केला नाही, त्यांनीही नाक मुरडलं नाही. माझ्याशेजारी हात धुवायला आलेल्या एका माळकरी आजोबांना मी विचारलं, तुमच्याकडं शेळ्या आहेत का? आहेत म्हणाले, दुधाला. बोकडांचं काय करता? ‘इकतो की. ठेवून काय करू, दूध देतंय व्हय?’ पाठी घरी राहतात, बोकड बाजारात जातात आणि तिथून कुठं जातात हे त्यांना ठाऊक आहे. सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही.