कन्हानचा नगरसेवक आणि सभागृहातला ठराव

कन्हान नदीच्या एका काठाला कामठी, दुसऱ्या काठाला कन्हान. नागपूरला पाणी पुरवणाऱ्या या नदीकाठच्या गावात रामटेकचा रेल्वेफाटा फुटतो, जबलपूरचा रस्ता इथूनच जातो आणि परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या (वेकोलि) कोळसा खाणी आहेत. पारशिवनी तालुक्यातल्या या गावाचा कारभार कन्हान-पिपरी नगरपरिषद पाहते.

नाली तुंबली, दिवा बंद पडला, नळ कोरडा राहिला, की लोक नगरसेवकाचं दार ठोठावतात. पण महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 प्रमाणे एकट्या नगरसेवकाला काम काढता येत नाही, की बिल मंजूर करता येत नाही. अंमलबजावणी शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असते. नगरसेवकाचं खरं बळ सभागृहात आहे. विषयपत्रिका वाचून जाणं, अंदाजपत्रकातली एकेक तरतूद तपासणं, घरपट्टी-पाणीपट्टीवर बोलणं, विषय समितीत काम करणं, पटलं नाही तर विरोध इतिवृत्तात नोंदवून घेणं आणि मत देणं, ही त्याची जबाबदारी. स्वीकृत सदस्य चर्चेत बोलतात. मताचा अधिकार मात्र निवडून आलेल्यांनाच.

1993 साली लागू झालेल्या 74व्या घटनादुरुस्तीने या सभागृहाला घटनेचा आधार दिला. बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा असे 18 विषय आले. महाराष्ट्रात 2011पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. त्यामुळे पाणी आणि शौचालयाचे प्रश्न रोज सोसणाऱ्या बाया आता त्यावर ठरावही मांडतात. नगरसेवकांवर बंधनंही कडक आहेत. परिषदेच्या कंत्राटात हितसंबंध आढळला, तर पद जाऊ शकतं. बेकायदा ठराव जिल्हाधिकारी रोखू शकतात.

कन्हानमध्ये नगरसेवकाचं काम आणखी अवघड होतं. रूळ रेल्वेचे, खाणी वेकोलिच्या, महामार्ग केंद्राचा. परिषदेचा हुकूम तिथे चालत नाही. मात्र धूळ, अवजड वाहतूक आणि फाटकावरचा खोळंबा गावकऱ्यांच्याच वाट्याला येतो. अशा वेळी एकट्याच्या निवेदनापेक्षा संपूर्ण सभागृहाने केलेला ठराव वजनदार ठरतो. तो करवून घेणं, संबंधित कार्यालयात पोचवणं आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणं, यातच लोकप्रतिनिधीचा कस लागतो.

म्हणून मतदारांनी नगरसेवकाला नालीबद्दल जरूर विचारावं. पण मागच्या सभेत तुम्ही काय बोललात, कोणत्या ठरावाला मत दिलं, हेही विचारावं. असा प्रश्न वॉर्डावॉर्डातून येऊ लागला, तर सभेत गप्प बसणं कोणालाच परवडणार नाही.