पैसा अडकलाय कुठे?

ऑनलाइन फसवणूक झाली की माणूस आधी चोराच्या मागे लागतो. नंबर कुणाचा आहे, नाव काय दाखवतंय, लोकेशन कुठलं निघतं. अक्कलकुव्यात मी हे बऱ्याच घरांत पाहिलं आहे. गंडवला गेलेला माणूस रात्री उशिरापर्यंत त्याच नंबरवर फोन लावत बसतो, विनवण्या करतो, पोलिसांची भीती घालतो. समोरचा "उद्या सकाळी रिफंड पडेल" म्हणतो आणि तेवढ्या आशेवर हा झोपतो. सकाळपर्यंत पैसे दोन-तीन खाती ओलांडून गेलेले असतात. पाट फुटला की शेतकरी आधी पुढे बांध घालतो, कुणी फोडला ते मग विचारतो. इथेही तेच करावं लागतं, हे एका आश्रमशाळेतल्या सरांबरोबर बँक, पोलीस ठाणं आणि कोर्टाच्या फेऱ्या मारताना मला नीट कळलं.

सरांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत सोमनाथ-दीव करायचं ठरवलं होतं. आमच्या भागाला सौराष्ट्र तसं सोयीचं. खापर मागे पडलं की गुजरात लागतं, सागबारा, डेडियापाडा करत रस्ता पुढे जातो. सुट्टीला लोक सापुताऱ्याला जातात, केवडियाला सरदारांचा पुतळा पाहून येतात. हात जरा सैल असेल तर सोमनाथ, द्वारका, दीव. चार कुटुंबं, लहान मुलं, दोन म्हातारी माणसं. हॉटेलच्या खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेला बंगला परवडेल, असा त्यांचा हिशेब होता. फेसबुकवर समुद्राजवळचा एक बंगला सापडला. फोनवरचा माणूस अदबीने बोलणारा. निम्मं भाडं आगाऊ, १८,००० रुपये. मग डिपॉझिट म्हणून ७,५००. त्यानंतर "एंट्री सिस्टिममध्ये जुळली नाही, तेवढीच रक्कम पुन्हा टाका, दोन्ही एकदम परत येतील" म्हणून आणखी ७,५००. असे ३३,००० गेले. फोटोतला बंगला खरा होता. तो भलत्याच कुणाचा होता, एवढंच.

परत देण्यासाठी आधी पैसे मागणं, ही या धंद्याची पक्की खूण आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती लगेच दिसते. पण आधी दिलेले २५,५०० सोडवण्याच्या घाईत असलेल्या माणसाला ती दिसत नाही, आणि त्यावरून कुणी त्याला अडाणी ठरवलं तर मला ते पटत नाही. यात शिकलेली, हिशेबाला पक्की माणसं फसतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं, यात्रेकरूंसाठीची गेस्ट हाऊस, टॅक्सी, सहलीची पॅकेजं, या सगळ्यांच्या खोट्या वेबसाइट आणि समाजमाध्यमांवरची खोटी पानं चालतात, असं त्यात म्हटलं होतं. सोमनाथचं गेस्ट हाऊस ट्रस्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच बुक करा, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो इशारा आमच्या गावात कुणी वाचला होता, असं मला दिसलं नाही.

सर माझ्याकडे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री घरात सांगायचीही त्यांना लाज वाटली होती. बाकीच्या तीन घरांचे पैसेही त्यांच्याच हातून गेलेले. या लाजेचा सगळ्यात मोठा फायदा चोराला होतो, कारण पहिले काही तासच कामाचे असतात. मोलगीच्या वरच्या पाड्यांवरच्या माणसाचं तर आणखी अवघड. त्याला फोन लावायलाही रेंज मिळेल अशी जागा गाठावी लागते.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. ही व्यवस्था एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा नंबर १५५२६० होता; पुढे तो १९३० झाला. पलीकडच्या बाईंनी चोराबद्दल फारसं विचारलंच नाही. कोणत्या बँकेतून गेले, किती वाजता गेले, रक्कम किती, यूटीआर नंबर काय. इथे सर अडखळले. त्यांनी यूपीआय अ‍ॅपच्या पावतीवरचा लांबलचक आयडी वाचायला घेतला, तो इंग्रजी अक्षरापासून सुरू होत होता. "तो नको सर, बारा आकडी द्या," बाई म्हणाल्या. अ‍ॅप आपला स्वतःचा आयडी मोठ्या अक्षरात दाखवतं आणि यूटीआर त्याच्याखाली बारीक अक्षरात असतो. बँका एकमेकींशी बोलतात त्या या बारा आकड्यांत. शिवाय तीन वेळा पैसे गेले म्हणजे नंबरही तीन. बरेच लोक घाईत शेवटचाच देतात आणि आधीच्या रकमांचा माग तिथेच सुटतो. सरांनी तिन्ही नंबर वहीच्या पानावर लिहिले, मग एकेक आकडा सुटा करून वाचला. शिक्षकाची सवय तिथे कामाला आली.

आता आत काय होतं ते. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेतून गेले तिच्याकडे आणि ज्या बँकेत गेले तिच्याकडे पोचते. पैसे त्या खात्यात असतील तर बँक तेवढ्या रकमेवर होल्ड लावते. बँकेच्या भाषेत लीन. पुढे गेले असतील तर बँक पुढचा व्यवहार आणि पुढची बँक कळवते, मग तक्रार तिकडे जाते. तिथून आणखी पुढे. ही खाती बहुतेक वेळा कमिशनवर दुसऱ्याला वापरायला दिलेली असतात. खातेदार एक, चालवणारा वेगळा. एटीएममधून रोख निघाली की हा माग संपतो.

फोन झाला म्हणजे तक्रार झाली, असं समजून लोक थांबतात. एसएमएसने पोच क्रमांक येतो, त्यावरून २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सगळी माहिती भरावी लागते. बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडावे लागतात. सरांनी रागाच्या भरात चॅट डिलीट केलं नव्हतं, हे नशीब. सेतू केंद्रातल्या पोराने ते सगळं तारखेनुसार लावून दिलं.

बँकेत वेगळाच धडा मिळाला. सरांनी कुठेतरी वाचलं होतं की तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे भरून देते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक खरंच तसं होतं. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर तोटा पडत नसे. पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन सरांनीच टाकला होता, फसून का होईना. शाखेतल्या अधिकारी मॅडमनी हे शांतपणे समजावलं. सरांचा चेहरा उतरला. तरीही आम्ही लेखी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. ती पोच पुढे प्रत्येक टेबलावर लागली. फसून स्वतःच्या हाताने दिलेल्या पैशालाही काहीतरी संरक्षण असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. सहलीच्या नावाने होणारी लूट जवळपास सगळी याच प्रकारची असते.

काही दिवसांनी कळलं की ३३,००० पैकी ११,४०० दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात अडकले आहेत. बाकीचे रोखीने निघून गेले होते. याच सुमारास सरांना एक फोन आला: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम रिलीज झाली आहे, फाइल चार्ज भरा." बोलणाऱ्याला रक्कम माहीत होती, तारीख माहीत होती. सर पैसे पाठवायला निघालेही होते, वहिनींनी फोन हातातून काढून घेतला. पैसे परत मिळवून देतो म्हणून पुन्हा लुटणं हाही आता मोठा धंदा झाला आहे. सरकारी तक्रारीला फी नसते आणि पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीत, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं.

इथून पुढचा रस्ता कागदाचा. पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, तोतयेगिरीने फसवण्यासाठी ३१९. त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड जोडलं जातं. त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे कागद हवालदारांच्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर जायला वेळ लागतो. तांत्रिक माहितीसाठी नंदुरबारच्या सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार.

होल्ड म्हणजे पैसे परत नव्हेत, हे मला इथे समजलं. सरकारी आकड्यांत हा फरक झाकला जातो. २०२३ मध्ये देशात सायबर फसवणुकीत सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. आणि १९३० ची ही यंत्रणा सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत ५,४८९ कोटी 'वाचवले', असं संसदेत सांगितलं गेलं. वाचवले म्हणजे चोराच्या हाती लागू दिले नाहीत. त्या पैशाला मूळ मालकाच्या खात्यात यायला पुढे आणखी वाट चालावी लागते.

ती वाट आमच्यासाठी कोर्टातून गेली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा की अडकवलेली रक्कम मला द्या. आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडी त्याला 'मुद्देमालाचा अर्ज' म्हणतात. चोरीच्या मोटारसायकलीसारखाच हा पैसाही मुद्देमाल. अर्जावर पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो. से येईपर्यंत तारीख. सरांना दर तारखेला शाळेतून रजा काढावी लागे. से आला: रक्कम अर्जदाराचीच दिसते, देण्यास हरकत नाही. पुढे कुणाचा हक्क सिद्ध झाला तर रक्कम परत जमा करीन, असं बंधपत्र लिहून घेऊन कोर्टाने आदेश दिला.

सरांना वाटलं, झालं. पण पलीकडच्या बँकेने आदेश परत पाठवला. त्यात चोराचा यूपीआय आयडी होता, खाते क्रमांक नव्हता. त्यातून त्या एकाच खात्यावर इतर तक्रारदारांचेही होल्ड होते, म्हणून कुणाच्या तक्रारीतली कोणती रक्कम ते बँकेला स्पष्ट हवं होतं. वकीलसाहेबांनी दुरुस्तीचा अर्ज टाकला: पोच क्रमांक, होल्ड असलेला खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी, रक्कम, सरांचं खातं, सगळं आदेशातच यावं म्हणून. दुरुस्त आदेश पोलिसांमार्फत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेलने गेला. हे पहिल्याच अर्जात लिहिलं असतं तर बराच वेळ वाचला असता. आता वकीलसाहेब असा अर्ज आला की आधी पोलिसांकडून होल्डचा तपशील मागवतात आणि मगच टाइपिंगला बसतात.

११,४०० रुपये सरांच्या खात्यात जमा झाले. त्यांनी ते चारही घरांत दिलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटले, स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी घेतला. उरलेल्या २१,६०० चा तपास चालू आहे. ज्याच्या नावावर खातं होतं त्या मुलाचा पत्ता पोलिसांना मिळाला आहे, चालवणाऱ्याचा अजून नाही. दरम्यान खापरच्या एका दुकानदाराची तशीच गत झाली, तेव्हा सरांनी त्याला तासाभराच्या आत १९३० ला फोन लावायला लावला आणि यूटीआर कुठे असतो ते स्वतः बोट ठेवून दाखवलं.