आतल्या पडद्यापर्यंतची पाठराखीण

एका वाचकाने विचारले आहे : मायटोकॉन्ड्रियाजवळ स्वतःचा डीएनए असतो, मग त्यांना प्रथिने बाहेरून का आणावी लागतात? कारण माणसात तो डीएनए जेमतेम 13 प्रथिनांपुरता उरला आहे. बाकीची हजारावर प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात बनतात आणि मग आत शिरतात.

बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीला धनभारित तुकडा असतो. त्यावरून त्यांना वाट मिळते. एडीपी-एटीपी वाहकाला मात्र तो नसतो. शिवाय हे प्रथिन पाण्याला बिचकते. दोन पडद्यांमधल्या पाणथळ फटीत ते एकटे सापडले, तर त्याची गुठळी होऊन ते वाया जाणार. म्हणून नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी टिम9 आणि टिम10 ही चिमुकली प्रथिने, तीन अधिक तीन अशा जुडीने, त्याला बाहेरच्या पडद्याशीच गाठतात. सासरच्या उंबऱ्यापर्यंत, म्हणजे टिम22 संकुलापर्यंत, ती सोबत करतात. तिथे आतल्या पडद्यावरचा विद्युतदाब वाहकाला पडद्यात बसवतो. या शेवटच्या टप्प्याला एटीपी लागतच नाही, आणि मला तर यातच सारे सौंदर्य दिसते!

या सोबतीची किंमत कळली ती नॉर्वेतल्या एका कुटुंबामुळे. तिथल्या मुलग्यांना लहानपणीच येणाऱ्या बहिरेपणाची नोंद 1960 मध्ये झाली होती. लिसबेथ ट्रानेब्यर्ग यांनी तेच कुटुंब पुन्हा तपासले आणि 1995 मध्ये दाखवून दिले, की हा आजार कानापुरता नाही. पुढे स्नायू आखडतात, दृष्टीही जाते. 1996 मध्ये एक्स गुणसूत्रावरचे जनुक सापडले, पण त्याचे काम कुणाला ठाऊक नव्हते. ते 1999 मध्ये उलगडले बाझेलमध्ये, गॉटफ्रीड शाट्झ यांच्या यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत. कार्ला कोलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या जनुकावरून बनणारे प्रथिन म्हणजे यीस्टमधल्या टिम8चे भावंड, दुसऱ्या एका पाठराखीण जोडीतले.

ही कथा सांगताना यीस्टचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण जुन्या निदानावर समाधान न मानता रुग्णांकडे परत जाणाऱ्या ट्रानेब्यर्ग यांचे श्रेय त्याहून कमी नाही. कोडे पुरते सुटले असेही नाही : 2019 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांना दिसले, की माणसाच्या चेतापेशींसारख्या पेशींत या प्रथिनाच्या अभावी श्वसनसाखळीतले चौथे संकुल बिघडते. यीस्टवरून काढलेला निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

मुलगा लहानपणीच बहिरा होत असेल आणि त्याच्या मामालाही तोच त्रास असेल, तर जनुकतपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.