जुनी स्टेशन वॅगन घेताना

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाच्या मोटारीला दोन संसार सांभाळावे लागतात. एक रोजचा. कारेलीबागेतून रावपुऱ्यात किंवा मांडवीकडे जायचे, अरुंद गल्लीत गाडी वळवायची, मुलांना शाळेतून आणायचे, वृद्ध आईवडिलांना डॉक्टरांकडे न्यायचे. दुसरा संसार वर्षातून दोनतीनदाच उभा राहतो. पण राहतो तेव्हा सारे घर हलवतो. कुलदैवताचे दर्शन, भाचीचे लग्न, गावाकडचा गणपती. वडोदऱ्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, आणि पुणे, कोल्हापूर, कोकण त्याच्याही पुढे. जाताना लीलो चिवडा आणि भाकरवडीचे डबे, येताना हापूसच्या पेट्या, गोडा मसाला आणि कोणीतरी प्रेमाने दिलेला फणस. जिथे गायनशाळा १८८६ साली सुरू झाली त्या या शहरात पुष्कळ घरांतून तंबोराही प्रवासाला निघतो, आणि तंबोऱ्याला सामान्य मोटारीच्या डिकीत जागा नसते.

या दोन्ही संसारांना पुरेल अशी, आणि चालवताना मनालाही थोडा आनंद देईल अशी गाडी कोणती, असे वाचक पुष्कळदा विचारतात. आमचे उत्तर काहीसे जुन्या वळणाचे आहे. त्या गाडीचे नाव स्टेशन वॅगन.

नावाची कुळकथा

अमेरिकेत रेल्वे स्थानकावर उतरलेले उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलपर्यंत पोहोचवण्यासाठी लाकडी बांधणीच्या गाड्या असत. त्यांवरून हे नाव पडले. इंग्रजांनी तिला ‘इस्टेट’ म्हटले, जर्मनांनी ‘कॉम्बी’. रचना मात्र सर्वत्र एकच. पुढचा भाग साध्या मोटारीचा, तितकाच बुटका. छप्पर मात्र थेट मागच्या टोकापर्यंत नेलेले. मागे आडवा पत्रा नाही, उभे उघडणारे दार आहे. मागची बैठक पुढे दुमडली की जवळजवळ सपाट अशी लांब जमीन मिळते. बसणाऱ्यांसाठी मोटार आणि सामानासाठी टेंपो, असा हा दुहेरी स्वभाव.

भारतीय ग्राहकाने या गाडीवर फारसे प्रेम केले नाही. मागे वेगळी डिकी असलेली तीन खणांची मोटार प्रतिष्ठेची आणि मागे सपाट दार असलेली गाडी ‘मालवाहू’, अशी आपली समजूत होती. कारखान्यांनी मात्र अनेकदा प्रयत्न केले. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणली. पुढे फियाटची ‘सिएना वीकेंड’, मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’, ओपेलची ‘कोर्सा स्विंग’, स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया कॉम्बी’ आणि २००४ मध्ये टाटांची ‘इंडिगो मरिना’ येऊन गेल्या. आज परवडेल अशा किमतीची नवी स्टेशन वॅगन आपल्याकडे मिळत नाही. बाजार उंच गाड्यांनी भरून गेला आहे. त्यामुळे ज्याला ही गाडी हवी त्याला ती जुनीच घ्यावी लागते, आणि म्हणून ती पारखून घ्यावी लागते.

उंच गाडी का नको?

हा प्रश्न रास्त आहे. उंच गाडी खड्ड्यांतून बरी जाते, तिच्यात सहासात माणसेही बसतात. परंतु गुडघेदुखीच्या आजींना तिच्यात चढणे कठीण, टपावरचे सामान काढणे तरुणालाही त्रासाचे. शिवाय चालवण्याच्या सुखाचा भाग आहेच. गाडी जितकी उंच, तितका तिचा भार जमिनीपासून वर. आणि भार जितका वर, तितकी ती वळणावर बाहेरच्या अंगाला झुकते. सापुताऱ्याच्या घाटात मागे बसलेल्या मुलांना मळमळ होते, त्यामागे हे झुकणे पुष्कळदा असते. स्टेशन वॅगन बुटकी असल्याने वळण शांतपणे घेते. सुकाणूला ती चटकन प्रतिसाद देते आणि चालकाला रस्ता हातात जाणवतो. गाडी चालवण्याची मौज वेगात असते असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ती या प्रतिसादात आणि विश्वासात असते.

कोणती निवडावी?

प्रथम घरच्या गाडीचा विचार करू. कोर्सा स्विंग आपल्या अगदी शेजारची. वडोदऱ्याहून सुमारे ४० किलोमीटरवरील हालोल येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९९६ पासून ओपेलच्या गाड्या बनू लागल्या, आणि स्विंगही तेथलीच. पत्रा जाड, दार लावताना भरदार आवाज, १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन उत्साही. चालवण्याच्या आनंदात ती या यादीत बरीच वर बसेल. परंतु ओपेल हे नाव २००६ मध्ये भारतातून गेले. कंपनीने २०१७ मध्ये हालोलचा कारखाना बंद केला आणि देशातील विक्रीही थांबवली. त्या कारखान्यातून २०१९ पासून एम.जी. नावाच्या गाड्या बाहेर पडतात. तात्पर्य, स्विंगचा सुटा भाग हवा असेल तर तो जुन्या साठ्यातून किंवा भंगारातल्या दुसऱ्या गाडीतून शोधावा लागतो. एखादा दिवा किंवा मागच्या दाराची काच फुटली तर गाडी महिनोन्‌महिने उभी राहू शकते. घरात दुसरे वाहन असेल आणि ओपेल जाणणारा मिस्त्री ओळखीचा असेल, तरच हा मोह करावा.

ऑक्टाव्हिया कॉम्बी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, कारखान्याशी नाते सांगणारी. तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन लांबच्या रस्त्यावर फार समाधान देते. मात्र अशी गाडी क्वचितच विकायला निघते, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या आजच्या किमतीच्या मानाने भारी पडतो.

बलेनो अल्टुरा हा आमच्या दृष्टीने मधला मार्ग. १६ व्हॉल्व्हचे १.६ लिटर पेट्रोल इंजिन हलके फिरते, गिअर सहज पडतात, आणि मारुतीची यंत्रे जाणणारे मिस्त्री गावोगावी आहेत. यंत्राचे भाग त्या मानाने सुलभ. पण मागचे दार, मागची काच आणि मागचे दिवे खास अल्टुराचेच असल्याने ते धडधाकट आहेत ना, हे आधी पाहावे.

इंडिगो मरिना सर्वांत व्यवहारी. तिची जातभाई इंडिका देशभर टॅक्सी म्हणून धावली, त्यामुळे तिची यंत्रविद्या लहान गावातल्या गॅरेजलाही पाठ असते. १४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन काटकसरी आहे, मागचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने बसणाऱ्यांना आराम आहे. उत्साह मात्र बेताचा. चढावर भरल्या गाडीने घाई करू नये.

पुराचे पाणी पाहिलेली गाडी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वडोदऱ्यात जुनी गाडी घेणाऱ्याने विश्वामित्री विसरता कामा नये. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर अजून सर्वांच्या स्मरणात आहेत. २०२४ मध्ये नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, आणि कारेलीबागेसह शहराच्या पुष्कळ भागांत तळमजल्यांत नि वाहनतळांत पाणी शिरले. पाण्यात राहिलेल्या गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या, काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. अशी गाडी चार महिने उत्तम चालते. मग एखाद्या रात्री महामार्गावर दिवे जातात किंवा इंजिन बंद पडते. कुटुंब सोबत असताना हा प्रसंग केवळ खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो.

ही पारख कठीण नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; धुणारा तिथवर सहसा पोहोचत नाही, आणि पट्ट्यावर मातकट रेघ राहून जाते. पायाखालचा गालिचा उचलावा, बैठकीखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहावा. स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात फिरवावा. वॅगनमध्ये हा खळगा खोल असतो आणि त्यात गाळ साचतो. तारांच्या जोडांवर हिरवट थर आहे का, पुढच्या दिव्यांच्या आत बाष्पाचे डाग आहेत का, हे बघावे. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवावी आणि मग दार उघडावे. ओला कुबट वास अत्तराच्या बाटलीने झाकत नाही. एकदोन खुणा जुळल्या तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून निघावे.

चालवून पाहताना

इंजिन थंड असतानाच जावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर कारण विचारावे. सुरू करताच सायलेन्सरकडे पाहावे: निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरत असण्याची शक्यता. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदलण्याचा खर्च धरूनच सौदा करावा. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

मागचे दार उचलून हात सोडावा. ते खाली येत असेल तर आधारनळ्या संपल्या आहेत, आणि हे दार डोक्यावर पडणे थट्टेची गोष्ट नव्हे. दाराभोवतीचे रबर फाटलेले असेल तर पावसाचे पाणी आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही आत येतात. टायरच्या कडेवरील चार अंक वाचावे: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर द्रुतगती मार्गावर दगा देऊ शकतो.

एक फेरी एकट्याने आणि दुसरी सर्व कुटुंबाला बसवून घ्यावी. खाजगी वाहनांना मुभा असेल त्या दिवशी पावागडला माचीपर्यंतचा चढ हा उत्तम परीक्षक आहे. भरली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते की सहज, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात की सरळ धरतात, हे तेथे कळते.

कागद आणि खर्च

या सर्व गाड्या आता १५ वर्षांच्या पुढच्या किंवा त्या उंबरठ्यावरच्या आहेत. १५ वर्षांनी योग्यता तपासणी करून फेरनोंदणी करावी लागते, आणि पुढे दर ५ वर्षांनी तेच. एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. म्हणून नोंदणीची मुदत कधी संपते, हे किंमत बोलण्याआधी पाहावे. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ व बँकेचा ना हरकत दाखला लागतो. पुण्यामुंबईच्या नातलगाची गाडी आणायची झाल्यास तेथील कचेरीचा नमुना २८ चा ना हरकत दाखला आणि गुजरातचा रस्ता कर, हे दोन्ही हिशेबात धरावे. ‘घरचीच तर गाडी’ म्हणून हे टाळणारे पुढे नाक्यानाक्यावर खुलासे देत बसतात. विमाही आपल्या नावावर लगेच करून घ्यावा.

पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घेणे आणि त्यांची वरचेवर तपासणी करणे हिताचे. मैलेज थोडे घटेल हेही गृहीत धरावे.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. नव्या गाड्यांत सक्तीच्या झालेल्या एअरबॅग यांतल्या बहुतेकांत नाहीत. मागच्या बैठकीलाही पट्टे आहेत ना, हे पाहावे, आणि ते बांधण्याची सवय आजींपासून नातवापर्यंत सर्वांना लावावी. सामान बैठकीच्या पाठीपेक्षा उंच रचू नये. जोराने ब्रेक लागला तर सुटी पेटी पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते; मध्ये जाळी किंवा दोर हवाच. वडोदरा-भरूच द्रुतगती मार्ग २०२४ मध्ये खुला झाल्यापासून वेगाचा मोह वाढला आहे. वीस वर्षांच्या गाडीने तेथे डावीकडची रांग धरावी, यात कमीपणा नाही.

निवाडा

घरात एकच गाडी असणार असेल, तर पुराचे पाणी न पाहिलेली, एकाच मालकाची, पावत्या जपलेली इंडिगो मरिना घ्यावी. चालवणाऱ्याला चालवण्याची आवड असेल आणि वर्षाकाठी दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर अल्टुरा शोधावी. ती मिळण्यास वेळ लागेल, पण थांबण्याचे सार्थक होईल. स्विंग आणि कॉम्बी हौसेच्या गाड्या आहेत. ज्याची हौस घराच्या रोजच्या गरजेवर अवलंबून नाही, त्याने त्या जरूर घ्याव्या. आणि एअरबॅगविना लहान मुलांना महामार्गावर नेणे ज्यांना पटत नाही, त्यांनी या यादीकडे पाठ फिरवून अलीकडची साधी मोटार घ्यावी. तोही निर्णय शहाणपणाचाच आहे.

सौदा ठरवण्यास घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला बरोबर न्यावे. मागे बसून, दार लावून, दोनदा चढून-उतरून तिने ‘बरी आहे’ म्हटले, आणि तंबोरा आडवा मावला, तर पुढची बोलणी करण्यास हरकत नाही.