थोड्या पाण्याची बाग

बागेस पाणी पुष्कळ लागतें, अशी सामान्य समजूत आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, अहिल्यानगरच्या बाजूस, वर्षाकाठीं सुमारें २२ इंच पाऊस पडतो. तेव्हां तेथें बाग कशाची, असें कित्येक पालक म्हणतात. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वेळीं पिण्याच्या घागरींतील पाणी फुलझाडांस घालावें, असें आम्हीहि म्हणणार नाहीं.

परंतु माळावर तरवड फुलतो, बांधावर बोरी लगडतात. त्यांस पाणी कोण घालतो? बोरीचें मूळ ओलाव्याच्या शोधांत खोल जातें. कोरफड जाड पानांत पाणी सांठविते, आणि पानांवरील सूक्ष्म छिद्रें दिवसां मिटून रात्रीं उघडते. त्यामुळें उन्हानें पाणी फारसें उडून जात नाहीं. अंगणासाठीं अशींच झाडें निवडावीं: शेवगा, सीताफळ, करवंद, कडुनिंब.

लावल्यावर मात्र एक चूक टाळावी. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्यास वरची दोन बोटें मातीच भिजते व मुळेंहि तेथेंच राहतात. मग उन्हाळ्याच्या सुटींत चार दिवस पाणी चुकलें, कीं रोप मान टाकतें. खडकाळींत पडलेल्या बीजाचा प्रभूनें सांगितलेला दृष्टांत विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. यास्तव रोप रुजल्यावर पाणी क्वचित्, पण खोल मुरेल इतकें द्यावें.

यासाठीं मडक्याची युक्ति फार चांगली. ती चीन देशांत २,००० वर्षांपूर्वींहि ठाऊक होती. झिलई नसलेलें मातीचें मडकें रोपाशेजारीं गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. भोंवतालची माती सुकेल तसतसें पाणी आपोआप झिरपतें, आणि तें थेट मुळांशीं जातें. आळ्यांत तीन-चार बोटें जाडीचा पालापाचोळा पसरावा. मात्र तो बुंध्यास टेकूं देऊं नये. त्यानें ऊन मातीवर पडत नाहीं व ओल टिकते. मडकें भरण्यास स्वयंपाकघरांत तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी गाळून घ्यावें. निराळी घागर नको.

विद्यार्थी मित्रहो, जूनमध्यें रोप लावणें सोपें आहे. त्याची खरी परीक्षा पुढील मे महिन्यांत होते. पहिलीं एक-दोन वर्षें अशी काळजी घेतली, तर मुळें आपलें पाणी आपण शोधूं लागतात. पाऊस किती पडावा, हें आपल्या हातीं नाहीं. पडलेला थेंब कोठें जिरावा, हें पुष्कळ अंशीं आहे.